यादवी युद्धाच्या छावण्या : प्रस्तावना

अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत झालेल्या यादवी युद्धाच्या स्मरणार्थ त्या काळच्या लष्करी छावण्या पुन्हा उभारायच्या आणि त्या सर्वसामान्य लोकांना पाहण्यासाठी खुल्या ठेवायच्या, ही प्रथा त्या देशात गेली अनेक दशके रूढ आहे. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, मेरीलँड इत्यादी राज्यांत, म्हणजे जेथे प्रत्यक्ष युद्ध झाले त्याच प्रदेशात, उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी एखाद्या शेतावर किंवा कुरणावर पांढऱ्या तंबूंच्या रांगा पडतात, चुली पेटतात, बंदुका संगिनींनी एकमेकींत अडकवून उभ्या केल्या जातात, आणि निळ्या किंवा राखी लोकरी गणवेशातील माणसे दोन-तीन दिवस तेथेच राहतात. दुपारी ठरलेल्या वेळी लुटुपुटीची लढाई होते आणि ती पाहायला तिकीट काढून आलेली गर्दी संध्याकाळी घरी परतते. या साऱ्या उद्योगाला इंग्रजीत ‘रीएनॅक्टमेंट’ म्हणतात; येथे त्यासाठी ‘पुनःसादरीकरण’ आणि त्यात भाग घेणाऱ्यांसाठी ‘सादरकर्ते’ हे शब्द वापरले आहेत. मात्र हे सादरकर्ते नट नव्हेत. त्यांच्यापुढे लिहिलेली संहिता नसते, बहुतेकांना मानधन मिळत नाही, आणि बंदूक, गणवेश, जोडे व तंबू यांसाठी लागणारे दीड-दोन हजार डॉलर ते सहसा स्वतःच्याच खिशातून खर्च करतात.

मराठी वाचकाला हा विषय वरवर परका वाटला, तरी या युद्धाचे महाराष्ट्राशी असलेले धागे बरेच जुने आणि घट्ट आहेत. युद्धापूर्वी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी फार मोठा हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, म्हणजे गुलामांच्या श्रमातून, येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखताच तो पुरवठा तुटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. त्या पैशातून मुंबईत शेअरबाजाराची धुंदी चढली, समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि 1865 मध्ये युद्ध संपताच हा सगळा डोलारा कोसळून प्रेमचंद रायचंदांसारखे मातब्बरही त्यात सापडले. तेजीच्या काळात त्यांनी देऊ केलेल्या देणगीतून पुढे उभा राहिलेला राजाबाई टॉवर आज मुंबई विद्यापीठाच्या आवारात दिसतो. पुणे-नगर भागात 1875 मध्ये सावकारांविरुद्ध झालेल्या दंग्यांच्या कारणमीमांसेतही या तेजी-मंदीचा उल्लेख येतो. दुसरा धागा याहून मोलाचा आहे. जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती, आणि तरीही ते कशासाठी लढले गेले याविषयी पुण्यातील या ग्रंथकाराच्या मनात कोणताही संदेह नव्हता. खुद्द अमेरिकेतील छावण्यांत हीच गोष्ट पुढे किती काळ झाकून राहिली, हे पाहू लागले की या अर्पणपत्रिकेचे महत्त्व अधिकच जाणवते.

पुनःसादरीकरणाची सुरुवात स्वतः लढलेल्या सैनिकांनीच केली. उत्तरेच्या सैन्यातील निवृत्त सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना 1866 मध्ये स्थापन झाली. तिच्या वार्षिक अधिवेशनांना ‘छावणी’ या अर्थाचेच नाव होते, आणि सैनिकांच्या मेळाव्यांत तंबू ठोकून राहणे, जुने अन्न शिजवणे व प्रसंगी नकली चकमकी करणे चालत असे. या परंपरेचा कळस 1913 मध्ये झाला. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 51,000 सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले होते. त्या लढाईच्या पन्नासाव्या वर्षी पन्नास हजारांहून अधिक वृद्ध सैनिक तेथे तंबूंत एकत्र राहिले, आणि तिसऱ्या दिवशी दक्षिणेच्या ज्या प्रसिद्ध चढाईचा पाडाव झाला होता त्या चढाईची वाट काही म्हाताऱ्यांनी पुन्हा चालून दगडी बांधापलीकडील जुन्या शत्रूंशी हस्तांदोलन केले. या दृश्याने वृत्तपत्रे भरून गेली. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकाराने 2001 मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, या दिलजमाईत कृष्णवर्णीय सैनिकांना जवळजवळ स्थानच नव्हते. तेथे वावरणारे कृष्णवर्णीय प्रामुख्याने राबणारे मजूर होते. गोऱ्या उत्तरेने आणि गोऱ्या दक्षिणेने परस्परांच्या शौर्याचा गौरव करायचा आणि शौर्य कशासाठी खर्ची पडले हा प्रश्न बाजूला ठेवायचा, असा जो अलिखित करार त्या मैदानावर दिसला, तोच पुढे जवळपास शतकभर छावण्यांचा स्थायीभाव राहिला.

शेवटचे साक्षीदार गेल्यावर त्यांची जागा इतरांनी घेतली. ग्रँड आर्मीचा अखेरचा सभासद आल्बर्ट वूलसन 1956 मध्ये मरण पावला, आणि अवघ्या पाच वर्षांनी, 1961 च्या जुलैत, युद्धाच्या शताब्दीनिमित्त व्हर्जिनियातील मनॅसस येथे पहिल्या मोठ्या लढाईचे भव्य पुनःसादरीकरण झाले. दोन हजारांहून अधिक लोक त्यात उतरले. त्यांत जुन्या बंदुकांच्या नेमबाजीसाठी 1950 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे सभासद होते, तसेच राज्यांच्या राखीव दलांतील जवानही होते. गणवेश कसेबसे शिवलेले, शिस्त बेताची आणि वातावरण जत्रेचे, अशी टीका त्या वेळीच झाली. अधिक गंभीर आक्षेप काळवेळेचा होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शताब्दी आयोगाची बैठक चार्ल्स्टन येथे भरायची असता तेथील हॉटेलने न्यू जर्सीच्या कृष्णवर्णीय प्रतिनिधी मॅडलिन विल्यम्स यांना खोली देण्यास नकार दिला होता, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मध्ये पडून बैठक नौदलाच्या तळावर हलवावी लागली होती. बसमधील वर्णभेदाविरुद्ध निघालेले ‘फ्रीडम रायडर’ त्याच उन्हाळ्यात दक्षिणेत मार खात होते. गुलामगिरीचा वारसा रस्त्यावर धगधगत असताना मैदानात मात्र दोन्ही सैन्यांच्या मर्दुमकीचे कौतुक चालावे, यातील विसंगती लपण्यासारखी नव्हती. राष्ट्रीय रणभूमी ज्या सरकारी खात्याच्या ताब्यात आहेत त्या ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ने, म्हणजे राष्ट्रीय उद्यान सेवेने, आपल्या हद्दीत लुटुपुटीच्या लढायांना पुढे मनाई केली आणि ती आजही लागू आहे. म्हणूनच गेटिसबर्गची लढाई आज सादर होते ती मूळ रणभूमीच्या आसपासच्या खाजगी शेतांवर.

1980 नंतरचा काळ या छंदाच्या भरभराटीचा होय. सव्वाशेव्या वर्षाचे कार्यक्रम, 1989 चा ‘ग्लोरी’ आणि 1993 चा ‘गेटिसबर्ग’ हे चित्रपट (दुसऱ्यात तर सादरकर्तेच हजारोंनी सैनिक म्हणून उभे राहिले) आणि दूरचित्रवाणीवरील माहितीपट यांमुळे हौशी मंडळी वाढत गेली, आणि 1998 मध्ये गेटिसबर्गच्या 135 व्या वर्षी पंधरा हजारांहून अधिक सादरकर्ते एका ठिकाणी जमले.

या छावणीचे अंतरंग थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे, कारण या प्रथेचे खरे सामर्थ्य लढाईच्या धुरळ्यात नसून तंबूंच्या गल्लीत आहे. प्रत्येक कंपनीची, म्हणजे कागदोपत्री शंभर आणि प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी माणसांच्या तुकडीची, तंबूंची एक गल्ली असते आणि अधिकाऱ्यांचे तंबू स्वतंत्र असतात. शिपायाचा तंबू हा नावाचाच तंबू होय: प्रत्येक शिपाई पाठीवर कापडाचा अर्धा तुकडा वाहून नेतो, संध्याकाळी दोघे आपापले तुकडे गुंड्यांनी जोडतात, आणि दोन्ही टोकांनी उघड्या अशा त्या आडोशात दोघेही शिरतात. शिपायांनीच त्याला कुत्र्याच्या घराची उपमा दिली होती. याउलट हेन्री सिब्ली या अधिकाऱ्याने मूळ अमेरिकी रहिवाशांच्या टिपीवरून रचलेला शंकूच्या आकाराचा मोठा तंबू डझनभर माणसांना पुरे, पण तो वाहून न्यायला गाड्या लागत, त्यामुळे कूच करणाऱ्या सैन्यातून तो लवकरच हद्दपार झाला; खुद्द सिब्ली पुढे दक्षिणेचा सेनापती झाला आणि त्याचा तंबू बहुतांशी उत्तरेने वापरला, हा इतिहासाचा एक विनोद. छावणीच्या कडेला ‘सट्लर’ लोकांची दुकाने असतात. सट्लर म्हणजे फौजेमागोमाग फिरून शिपायांना तंबाखू, लोणची, कागद व नाना वस्तू चढ्या भावाने विकणारा व्यापारी. मराठी फौजांच्या बाजारबुणग्यांचा परिचय असलेल्या वाचकाला त्याची अधिक ओळख करून देण्याची गरज नाही. आजचे सट्लर सादरकर्त्यांना गणवेश व जोडे विकतात आणि प्रेक्षकांच्या मुलांना लाकडी बंदुका.

चुलीवर जे शिजते त्यात पाहण्यासारखे फारसे नसले तरी शिकण्यासारखे बरेच असते. उत्तरेच्या शिपायाचे मुख्य अन्न ‘हार्डटॅक’, म्हणजे पीठ आणि पाणी एवढ्यावरच भाजलेले सुमारे तीन इंच चौरस कडक बिस्किट. ते दाताने फुटत नसे, म्हणून बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवावे लागे, आणि जुन्या साठ्यातील बिस्किटांतून भिजवताच किडे वर तरंगत. सोबत खारवलेले डुकराचे मांस. कॉफी मात्र भरपूर मिळे आणि शिपाई तिच्यावर जीव टाकीत. दक्षिणेकडे बंदरे रोखली गेल्यामुळे कॉफी दुर्मीळ होती. तिकडे चिकोरी किंवा भाजलेले धान्य उकळून वेळ मारून नेली जाई, आणि दोन सैन्यांचे पहारे समोरासमोर आले की दक्षिणेची तंबाखू देऊन उत्तरेची कॉफी घेण्याचा चोरटा व्यापार चाले. ही एक चूल पाहून दोन अर्थव्यवस्थांमधील फरक जितका चटकन ध्यानात येतो, तितका आकड्यांच्या कोष्टकातून क्वचितच येतो.

बंदुकीची गोष्टही अशीच. त्या युद्धातील बहुतेक बंदुका ठासणीच्या होत्या, म्हणजे कोकणात शेतराखणीसाठी आजही परवान्यावर बाळगल्या जातात त्याच जातीच्या. शिपाई कंबरेच्या पेटीतून कागदी काडतूस काढी, त्याचे टोक दाताने तोडी, दारू नळीत ओती, गोळी वर बसवी, लोखंडी गज उपसून ती खाली ठाशी, गज परत जागी घाली, तांब्याची छोटी टोपी बंदुकीच्या कानावर बसवी आणि मग नेम धरी. कवायतीच्या पुस्तकात या क्रियेचे नऊ हुकूम पाडलेले होते आणि तरबेज शिपायाने मिनिटाला तीन बार काढावेत अशी अपेक्षा असे. दात तुटलेला माणूस पायदळाला निरुपयोगी ठरे तो यामुळेच. दोन्ही सैन्यांनी इंग्लंडहून लाखोंच्या संख्येने आणवलेली एन्फिल्ड बंदूक ही तर भारतीय वाचकाची जुनी ओळखीची: जिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीच्या वार्तेने 1857 मध्ये हिंदी पलटणी पेटल्या, तीच 1853 च्या नमुन्याची ही बंदूक. छावणीत तिची इटलीत बनलेली प्रतिकृती हाती असते. नळीत गोळी कधीच घातली जात नाही, लुटुपुटीच्या लढाईत गज बहुधा उपसूच दिला जात नाही (घाईत तो नळीत राहिला तर तीरासारखा सुटेल म्हणून), नळी समोरच्याच्या डोक्यावरून उंच धरली जाते, आणि मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक बंदुकीची तपासणी होते.

इतक्या बारकाव्याने वागणाऱ्या समाजात सोवळे-ओवळे निर्माण झाले नाही तरच नवल. ज्याच्या पेहरावात किंवा सामानात काळाशी विसंगत वस्तू असते, उदाहरणार्थ पॉलिस्टरचा दोरा, आधुनिक चष्मा, घोंगडीखाली दडवलेला बर्फाचा डबा, त्याला हे लोक तुच्छतेने ‘फार्ब’ म्हणतात. याच्या उलट टोकाचे कट्टर सादरकर्ते गुंड्यांची काजेही हाताने शिवतात, तंबूशिवाय गवतावर झोपतात आणि थंडीत एकमेकांना बिलगून रात्र काढतात. टोनी हॉर्विट्झ या पत्रकाराने 1998 मधील आपल्या पुस्तकात या कट्टरांचे जे चित्रण केले, त्याने हा पंथ जगाला माहीत झाला. या अट्टाहासाची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यातून खरे ज्ञानही निपजले आहे: जुन्या कापडांचा, रंगांचा, शिलाईच्या टाक्यांचा जो अभ्यास या हौशी मंडळींनी केला, त्याचा उपयोग वस्तुसंग्रहालयांनाही झाला आहे. दक्षिणेचे सगळे सैन्य राखी पोशाखात असे, ही चित्रांनी रुजवलेली समजूतही त्यांनी मोडीत काढली. घरगुती रंगाचे बरेचसे कपडे विटून मातकट पिवळे पडत, आणि कट्टरांच्या तुकडीत ते तसेच दिसतात.

अस्सलपणाचा दंडक कधी कधी दंडक लावणाऱ्यांवरच उलटला. अँटीटम येथील राष्ट्रीय रणभूमीवर 1989 मध्ये पुरुष शिपायाच्या वेषात सामील झालेल्या लॉरेन कुक बर्जेस या महिलेला, ती महिला असल्याचे उघड होताच, इतिहासात असे नव्हते या कारणावरून बाहेर काढण्यात आले. तिने सरकारवर दावा लावला आणि 1993 मध्ये तो जिंकला. नियम करणाऱ्यांचा इतिहासच कच्चा होता: पुरुषवेषात लढलेल्या स्त्रिया त्या युद्धात काही शे तरी असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी सेरा रोझेटा वेकमन हिने आघाडीवरून घरी लिहिलेली पत्रे 1994 मध्ये याच बर्जेसबाईंनी संपादित करून प्रसिद्ध केली.

छावणीच्या काही मर्यादा मात्र उपजत आहेत आणि त्यांबद्दल सादरकर्त्यांना दोष देता येणार नाही. या युद्धात सुमारे 6,20,000 माणसे मेली असे दीर्घकाळ मानले जाई; इतिहासकार जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे 2011 मध्ये मांडलेला अंदाज साडेसात लाखांच्या आसपास जातो. यांपैकी सुमारे दोनतृतीयांश सैनिक गोळीने मेलेच नाहीत. ते हगवण, विषमज्वर, गोवर यांनी, म्हणजे अक्षरशः छावणीने मेले. खराब पाणी, उघडे चर, माशा आणि दाटीवाटी ही खऱ्या छावणीची मुख्य हत्यारे होती. आजच्या छावणीत टँकरचे शुद्ध पाणी असते, थोडे आडबाजूला प्लॅस्टिकची फिरती शौचालये रांगेने उभी असतात, आणि तेथे फिरणारे शिपाई बरेचसे पन्नाशी ओलांडलेले व पोट सुटलेले असतात, तर मूळ शिपाई विशी-पंचविशीतले आणि हाडकुळे होते. शल्यवैद्याच्या तंबूत करवती मांडून नकली पाय कापून दाखवला जातो, आणि चांगला सादरकर्ता असेल तर त्या वेळी क्लोरोफॉर्म सर्रास वापरला जाई, दातांत गोळी धरून शस्त्रक्रिया सोसल्याच्या कथा बहुतांशी पोकळ आहेत, हेही सांगतो. प्रेक्षक शहारतात. हगवणीने आठवडाभर कण्हत मेलेला शिपाई कोणी सादर करीत नाही, आणि करावा अशी अपेक्षाही नाही.

दुसरी उणीव अशी उपजत नाही, आणि तिच्याबाबत सौम्य शब्द वापरण्याचे कारण नाही. 1863 च्या उन्हाळ्यात दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिच्यासोबत हजारो गुलाम होते: ते स्वयंपाक करीत, कपडे धूत, गाड्या हाकीत, घोड्यांचे चारापाणी बघत, जखमींना वाहून आणीत. इतकेच नव्हे, तर त्या फौजेने वाटेतील गावांतून कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना, ज्यांत जन्माने स्वतंत्र असलेलेही होते, धरून गुलामीत दक्षिणेकडे रवाना केले. काजे हाताने शिवणाऱ्या कट्टराच्या छावणीत ही माणसे नसतात. गोरा सादरकर्ता स्वतःच्या हाताने मांस परततो, स्वतः भांडी घासतो, आणि त्या प्रामाणिक श्रमातून एक खोटे चित्र उभे राहते: गरीब, स्वावलंबी, घरादारासाठी लढणारा शेतकरी शिपाई आणि त्याची एकट्याची चूल. कोणी गुलामाची भूमिका करावी का आणि कोणी ती करावी अशी मागणी तरी करावी का, हे प्रश्न नाजूक आहेत हे मान्य केले, तरी रिकाम्या जागेबद्दल तोंडाने सांगणे कोणालाही शक्य असते, आणि फार थोड्या तुकड्या ते करतात.

या चौकटीला पहिला मोठा धक्का कृष्णवर्णीय सादरकर्त्यांनीच दिला. युद्धात उत्तरेच्या बाजूने सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांपैकी मॅसॅच्युसेट्सच्या 54 व्या पलटणीने 18 जुलै 1863 रोजी फोर्ट वॅगनर या किल्ल्यावर केलेला हल्ला ‘ग्लोरी’मुळे सर्वतोमुखी झाला, आणि त्यानंतर त्या पलटणीच्या नावाने तंबू ठोकणाऱ्या तुकड्या ठिकठिकाणी दिसू लागल्या. त्यांच्या तंबूपुढे थांबलेल्या प्रेक्षकाला गुलामगिरीचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. पलटणीने गोऱ्यांपेक्षा कमी पगार घेण्यास नकार देऊन कित्येक महिने बिनपगारी चाकरी केली, हे तेथे पहिल्या पाच मिनिटांत ऐकायला मिळते.

राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मनाईत छावण्या येत नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. दोन फौजा समोरासमोर उभ्या करून परस्परांवर बार काढणे तिच्या हद्दीत चालत नाही, परंतु तंबू, कवायत, एकतर्फी बारांचे प्रात्यक्षिक आणि प्रेक्षकांशी संवाद यांना मुभा आहे. या भेदामागील विचार योग्य वाटतो. लुटुपुटीच्या लढाईत मेलेला शिपाई बिगुल वाजताच उठून कपडे झटकतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्या टाळ्यांत मरणाची जाणीव कोठेही नसते. तंबूपुढे बसलेल्या माणसाला मात्र प्रश्न विचारता येतो, उलटतपासणी करता येते, आणि त्याला उत्तर सुचले नाही तर तेही दिसते.

आज या छंदाला ओहोटी लागली आहे. सादरकर्ते म्हातारे होत आहेत, तरुण पिढी तुलनेने कमी येते. दक्षिणेच्या ध्वजाचा आजच्या वर्णद्वेष्ट्यांनी केलेला वापर, 2017 मध्ये त्यांच्या शार्लट्सव्हिल येथील मेळाव्यात झालेला हिंसाचार आणि त्याच वर्षी सीडर क्रीक येथील पुनःसादरीकरणात सापडलेला पाइपबॉम्ब यांमुळे राखी गणवेश चढवणे ही निव्वळ हौस उरलेली नाही. काही आयोजकांनी कार्यक्रम बंद केले, काहींनी लढाई वगळून छावणी तेवढी ठेवली. या दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांचे या प्रथेवर उपकारच होतील.

वॉशिंग्टनपासून गेटिसबर्ग मोटारीने दीड-दोन तासांवर आहे, आणि मेरीलँड, व्हर्जिनिया, न्यू जर्सी या राज्यांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पाहुण्यांना घेऊन तेथे जातात. अशा वाचकांना एवढीच विनंती की, त्यांनी दुपारच्या लढाईची जागा धरण्याच्या घाईत छावणीवरून नुसती नजर फिरवू नये. सकाळी, चुली नुकत्याच पेटलेल्या असताना, तंबूंच्या गल्लीत शिरावे, आणि राखी गणवेशातील एखाद्या भल्या माणसाला, तुमच्या पलटणीचा स्वयंपाक 1863 मध्ये कोण करीत असे, हा प्रश्न जरूर विचारावा.